सूर देणाऱ्या बाई

एका बहात्तर वर्षांच्या माणसाला मी एकोणीस जणांसमोर म्हणाले, "काका, तुमचे कान गेलेत. आता घरी बसा." कान माझे गेले होते. पुढचं सगळं या दोन गोष्टींतून निघालं, तेव्हा त्या आधीच सांगून टाकते. वाचणाऱ्याने माझ्याबद्दल उगाच चांगलं मत करून घ्यायला नको.

मी चर्चमधलं जुनं लॅटिन गाणं बसवते. ग्रेगोरियन गाणं म्हणतात त्याला. हजार वर्षांपूर्वीच्या चाली, चार ओळींवर मांडलेले चौकोनी ठिपके, ठेका नाही, साथ नाही, आणि सगळ्यांनी मिळून एकच ओळ गायची. समोर उभं राहून हाताने त्या ओळीचा चढउतार दाखवायचा, हे माझं काम. त्याला कंडक्टर म्हणतात, म्हणून माझे धाकटे दीर छत्तीस वर्षं मला विचारत आलेत, "वहिनी, आज कोणत्या रूटवर?" सुरुवातीला मी चिडायचे. नंतर नंतर मीही सांगायला लागले, की आज गाडी डेपोतच आहे.

बाकीच्या गाण्यात चार वेगवेगळे आवाज असतात, एखाद्याची चूक दुसऱ्याच्या आवाजाआड लपते. आमच्याकडे लपायला जागा नाही. वीस जण एकच सूर लावतात आणि त्यातला एक जरी हलला, तरी घासात खडा यावा तसं होतं. त्यामुळे सुरुवातीला जो सूर दिला जातो त्याला फार महत्त्व. लोक त्यासाठी ट्यूनिंग फोर्क वापरतात. स्टीलचा दोन दांड्यांचा छोटासा काटा असतो, आपटला की नेहमी एकच सूर देतो. काही जण ऑर्गनची पट्टी दाबून घेतात. मला यातलं काही कधी लागलं नाही. सात वर्षांची असताना मी शाळेची घंटा कोणत्या सुरात वाजते ते सांगितलं होतं आणि गाणं शिकवणाऱ्या सिस्टरनी माझ्या आईला बोलावून घेतलं होतं. आईला वाटलं, मी काच फोडली.

तेव्हापासून मी या एका गोष्टीवर मिरवले. दोन वर्षं एका मठात राहून शिकले, पाच रेकॉर्डिंग्ज केली, कुठेकुठे शिबिरं घेतली, आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी ग्लासवर चमचा वाजवून विचारायचंच, "बाई, हा कोणता?" मी मान न वळवता सांगायची. न वळवता, हे महत्त्वाचं. मान वळवून सांगितलं असतं तरी उत्तर तेच आलं असतं, पण मग मिरवणं कसलं?

राग माझ्या नाकावर. हे मी पूर्वी हसत सांगायची, कौतुकाने सांगावं तसं. तालमीत कोणी पान मोठ्याने उलटलं तरी मी थांबायची आणि त्या माणसाकडे तो पार विरघळेपर्यंत बघत राहायची. आमच्याकडे पोस्टात अधिकारी असलेल्या एक बाई आहेत, त्यांच्या हाताखाली अकरा माणसं. त्यांनी एकदा तालमीत उसासा टाकला म्हणून मी त्यांना दाराबाहेर उभं केलं होतं. त्या उभ्या राहिल्या. वीस मिनिटं. आत आम्ही गात होतो. त्या दिवशी गाणं उत्तम झालं, असं मी घरी येऊन यांना सांगितल्याचं मला आठवतं.

आता कवळीवाले काका. चर्चच्या मागच्या गल्लीत त्यांचं छोटं वर्कशॉप आहे, दाताचे डॉक्टर मापं पाठवतात आणि हे कवळ्या करतात. आमच्या वृंदात ते एकतीस वर्षं होते. आवाज खालचा, जाड, गाणाऱ्या बाकीच्यांना खालून धरून ठेवणारा. कवळीवाले हे नाव त्यांना कोणी दिलं कोण जाणे, त्यांनी ते आनंदाने घेतलं. त्यांचे स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत आणि ते त्याला दुकानाची बदनामी म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी काकांची एक खोड सुरू झाली. मी सूर दिला, की ते मान खाली घालून हळूच गुणगुणायचे. गुणगुणायला माझी हरकत नव्हती, पण ते माझ्या सुरात गुणगुणत नव्हते. अर्धा सूर वर. आणि वृंद सुरू व्हायचा तो माझ्या सुरावर नाही, त्यांच्या. मी हात खाली करून म्हणायची, "पुन्हा." पुन्हा सूर द्यायची. पुन्हा ते गुणगुणायचे, पुन्हा सगळे अर्धा सूर वर. मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, सगळ्यांसमोर सांगितलं, चिठ्ठी लिहून पुस्तकात ठेवली. ते दर वेळी म्हणायचे, "हो बाई, लक्ष ठेवतो." आणि पुढच्या गुरुवारी तेच.

त्याच सुमारास मला असंही वाटायला लागलं होतं, की हल्ली सगळं जगच चढवून ठेवलंय. रेडिओवरची गाणी चढलेली. स्टेशनवर सूचनेआधी वाजते ती धून चढलेली. चर्चमधला ऑर्गन तर नक्कीच चढलेला, कारण काकांनी वृंदाला जिथे नेऊन ठेवलं होतं तिथेच तो बरोब्बर जुळायचा. मी त्याचा अर्थ असा लावला, की काका ऑर्गनशेजारी बसून बसून बिघडलेत. घरातली दारावरची बेलसुद्धा मला वेगळी वाटायला लागली. मी यांना दोनदा तिचे सेल बदलायला लावले, मग नवी बेल आणायला लावली.

"अगं, तीच कंपनी, तोच आवाज," हे स्टुलावर उभे राहून म्हणाले.

"तुम्हाला काय कळतंय?" मी म्हणाले.

यांना सुरातलं काही कळत नाही हे खरंच आहे. पण बेल तीच होती.

यंदा आमच्या चर्चला शंभर वर्षं झाली. मोठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य प्रार्थना ठरली, बिशप येणार होते. फादरांनी त्यानिमित्ताने ऑर्गन पूर्ण उघडून साफ करायचं काढलं. पाइप काढून ठेवलेले, तीन आठवडे ऑर्गन बंद. मी मनातून खूश होते. म्हटलं, ट्यूनिंग करणारा माणूस आता तरी तो नीट खाली आणेल, आणि आमच्या तालमी ऑर्गनच्या त्या चढेल सुराशिवाय होतील.

मिस्सेच्या तीन आठवडे आधीच्या गुरुवारी मी सूर दिला. काका गुणगुणले. अर्धा सूर वर. सगळे तिथून सुरू झाले. मी दोन ओळी गाऊ दिल्या आणि पुस्तक टेबलावर आपटलं.

"काका, हे किती दिवस चालणार?"

ते पुस्तकाचं पान सरळ करत राहिले.

"मी तीन वर्षं सांगतेय. तुम्ही एकटे नाही चुकत, अख्ख्या वृंदाला घेऊन चुकता. काका, तुमचे कान गेलेत. वय झालं. आता घरी बसा."

तालमीची खोली म्हणजे घडीच्या वीस खुर्च्या, एक लोखंडी कपाट आणि कुरकुरणारा पंखा. पंख्याचा आवाज येत होता. काकांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, आपण कोणाची तरी तब्येत विचारताना बघतो तसं. मग म्हणाले, "असेल बाई. तसंही असेल." पुस्तक मिटून त्यांनी खुर्चीवर ठेवलं आणि गेले. एकोणीस जण खाली बघत होते. मला वाटलं, त्यांना पटलंय.

मिस्सेचा दिवस आला. ऑर्गन आदल्या संध्याकाळीच जोडून झाला होता. ऑर्गन वाजवणारे गृहस्थ दिवसा गणित शिकवतात, त्यांना मी गणितवालेच म्हणते. त्यांनी सकाळी लवकर येऊन हात फिरवून घेतला होता. मी ऐकला नव्हता. मला ऐकायची गरज वाटली नाही.

आमच्याकडे एक जुनी पद्धत आहे. किरिये म्हणजे "प्रभू, दया कर" ही हाक मिस्सेत नऊ वेळा येते. पहिली हाक आम्ही गातो, दुसरी ऑर्गन एकटा वाजवतो, शब्दांशिवाय. तिसरी आम्ही, चौथी ऑर्गन. असं आळीपाळीने शेवटच्या नवव्या हाकेपर्यंत. ऐकणाऱ्याला वाटतं, माणसं हाक मारतायत आणि वरून कोणीतरी ओ देतंय. हे नीट झालं तर अंगावर काटा येतो.

मी सूर दिला. नेहमी जिथे काकांचं गुणगुणणं यायचं तिथे काहीच आलं नाही. मला हायसं वाटलं, हेही कबूल करते. वृंद माझ्या सुरावर सुरू झाला, स्वच्छ, एकसंध. पहिली हाक इतकी सुंदर झाली, की मी मनात म्हटलं, तीन वर्षांपूर्वीच काढायला हवं होतं काकांना.

मग ऑर्गनने दुसरी हाक घेतली, अर्धा सूर वर.

संगीत न कळणाऱ्यालाही असल्या वेळी कळतं. जिन्याला आणखी एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि जमीन लागावी, तसं. समोरच्या बाकांवरच्या मंडळींनी माना वर केल्या. बिशपांनी डोळे मिटलेले होते ते उघडले. लाज मला तेव्हा वाटली नाही. तेव्हा मला ट्यूनिंगवाल्याचा राग आला. म्हटलं, एवढे पैसे घेऊन नालायकाने ऑर्गन होता तसाच ठेवला.

तिसऱ्या हाकेआधी मी पुन्हा माझाच सूर दिला, जरा जोर देऊनच. वृंदाच्या कानात ऑर्गनचा सूर बसलेला, समोर माझा. अर्धे इकडे गेले, अर्धे तिकडे. एका सुराचं गाणं दोन सुरांत गेलं. आमच्या कामात याहून वाईट काही होत नाही. चौथी ऑर्गनची झाली, पाचवी आमची, आणि ती तिसरीपेक्षाही फाटकी. लोक आता उघडच आमच्याकडे वळून बघत होते. सहावी हाक संपवताना गणितवाल्यांनी शेवटचा सूर लांबवून धरून ठेवला, आम्हाला घेता यावा म्हणून. मी डाव्या हाताने त्यांना "बंद करा" अशी खूण केली. ती खूण बिशपांपासून मागच्या दारापर्यंत सगळ्यांना दिसली.

सातव्या हाकेला पोस्टातल्या बाईंनी माझ्या सुराची वाटच पाहिली नाही. डोळे मिटून त्यांनी ऑर्गनचा सूर उचलला आणि एक-एक करत सगळे त्यांच्यामागे गेले. आठवी ऑर्गनची, नववी आमची, जुळली. एकोणीस जण माझ्या हाताकडे बघत होते आणि सूर दुसरीकडून घेत होते. माझा हात हवेत नुसता फिरत होता. बंद पडलेल्या पंख्याची दोरी ओढत राहावी, तसा.

मिस्सा संपल्यावर तालमीच्या खोलीत मी गणितवाल्यांवर तुटून पडले. त्यांनी ऐकून घेतलं, खिशातून ट्यूनिंग फोर्क काढला, टेबलाच्या कडेवर आपटला आणि लाकडावर धरला.

"बाई, हा कोणता सूर?"

"अर्धा सूर वरचा. तुमचा फोर्क खराब आहे."

त्यांनी कपाटातून दुसरा काढला. तोही अर्धा सूर वर. फोनवर वाजवून दाखवलं. फोनही वर. मी म्हणाले, थांबा, आणि माझ्या पर्समधला काढला. मठातून निघताना माझ्या गुरूंनी दिलेला, छत्तीस वर्षांत एकदाही न वापरलेला, कारण मला लागत नव्हता. तो आपटला. त्या फोर्कचा सूर मला मठापासून पाठ होता. आणि आता तो मला अर्धा सूर वर ऐकू आला.

स्टीलचा तुकडा पर्समध्ये पडून पडून चढत नाही. एवढं मला कळत होतं.

मी खुर्चीवर बसले. पोस्टातल्या बाई जवळ आल्या आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "बाई, तीन वर्षं झाली." काकांच्या ते पहिल्यांदा लक्षात आलं होतं. मी सूर खाली देते, तो ऑर्गनशी जुळत नाही. मग ते तालमीला फोर्क घेऊन यायला लागले. मांडीवर हळूच आपटून दातांत धरायचे, म्हणजे आवाज हाडातून त्यांना एकट्यालाच ऐकू यायचा, आणि मग खरा सूर गुणगुणायचे. बाहेर अंगणात त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं: सूर माझ्याकडून घ्या, आणि बाईंना कळता कामा नये.

म्हणजे एकोणीसच्या एकोणीस जणांना माहीत होतं. मला तेव्हा तेवढंच दिसलं. तीन वर्षं मी ताठ मानेने सूर देत होते आणि सगळे मला लहान मुलाला सांभाळून घ्यावं तसं सांभाळून घेत होते. कुठे तोंड लपवू असं झालं मला.

कानाचे डॉक्टर म्हणाले, ऐकायला उत्तम येतं तुम्हाला, वयाच्या मानाने फारच छान. फक्त सूर जागेवरून सरकलाय. ज्यांना तुमच्यासारखं उपजत कळतं त्यांच्यात साठीच्या आसपास असं होतं. कमी होत नाही, औषध नाही. "बाकीच्यांना होत नाही का?" मी विचारलं. "झालं तरी त्यांना कळत नाही," डॉक्टर म्हणाले. ते हसले. मला हसू आलं नाही.

काकांकडे जायला मी अकरा दिवस लावले. रोज आवरून बसायची आणि रोज काहीतरी निघायचं. बाराव्या दिवशी यांनी चपला दारात सरळ करून ठेवल्या.

"मी येऊ का बरोबर?"

"मी काय शाळेत चाललेय?"

"तोंड बघून तसंच वाटतंय. पालकांना घेऊन या, असं सांगितल्यासारखं."

सकाळी साडेदहाला मी वर्कशॉपमध्ये पोचले. फळीवर प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेले, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. काका गुलाबी हिरडीला बारीक कानस मारत होते. मला बघून उठले, स्टूल पुसून दिलं.

"बसा बाई. पावडर फार आहे, कपडे सांभाळा."

"काका, मी माफी मागायला आले."

"हो. पोस्टातल्या बाईंचा फोन आला होता."

मी पाठ करून गेले होते, त्यातलं अर्धंच बाहेर आलं. माझे कान गेलेत, तुमचे ठीक होते, मी सगळ्यांसमोर नको ते बोलले, मला शरम वाटते. एवढं मात्र म्हणाले. काका कानस बाजूला ठेवून ऐकत होते.

"तुम्ही मला सांगितलं का नाहीत?" मी शेवटी विचारलं. यातही थोडी तक्रार होती, ती माझी मलाच ऐकू आली.

"माझ्याकडे माणसं येतात बाई, पुढचे दात पडलेली. तोंडावर हात धरून बोलतात. मी त्यांना हात काढा म्हणत नाही. माप घेतो, काम करतो. दात बसले की हात आपोआप खाली येतो."

मी रडले नाही. रडले असते तर त्यांनी पाणी वगैरे आणलं असतं आणि माझं सोपं झालं असतं.

"गुरुवारी या काका. तुमची खुर्ची तशीच आहे."

"नाही बाई. येणार नाही."

"राग असणारच. मला मान्य आहे."

"तुमच्यावर नाही." हातातली कवळी त्यांनी साच्यावर बसवून ठेवली. "तुम्हाला जे ऐकू आलं ते तुम्ही बोललात. खोटं नाही बोललात. पण एकोणीस जणांना खरं माहीत होतं ना? मी त्यांना एवढंच सांगितलं होतं, की बाईंच्या कानांचं बोलू नका. माझ्या बाजूनेही बोलू नका, असं कुठे सांगितलं होतं? 'काकांचे कान ठीक आहेत, बाई.' एवढं कोणी म्हटलं असतं तरी पुरे होतं. माझा गुडघा वाकत नाही, दारापाशी बूट घालायला वेळ लागतो. त्या दिवशी मी मुद्दाम आणखी वेळ लावला."

मी मांडीवरची पावडर झटकली.

"कोणी बोललं नाही," ते म्हणाले.

"ते मला घाबरतात."

"हो."

"कधीपासून?"

"मी आलो तेव्हापासून तरी." त्यांनी कानस पुन्हा हातात घेतली, पण काम सुरू केलं नाही. "मी त्यांना बोल लावत नाही बाई. पोस्टातल्या बाईंना तुम्ही बाहेर उभं केलंत, तेव्हा मीही खालीच बघत होतो. गात होतो आणि खाली बघत होतो. आता परत त्या खुर्चीत बसायचं म्हणजे परत तेच करायचं. या वयात नाही जमायचं."

परत येताना मी बस सोडून चालत आले. अकरा दिवस मी कानांची लाज वाटून घेत होते. कान वयाने गेले, त्यात कोणाचा काय दोष? त्या खोलीत मात्र गेली छत्तीस वर्षं कोणाची मान वर करून बोलायची छाती झाली नव्हती, आणि ते वयाने झालेलं नव्हतं. ते मी केलं होतं, दर गुरुवारी, सहा ते आठ. एका भल्या माणसाने बूट घालायला मुद्दाम वेळ लावला आणि एकोणीस भली माणसं पुस्तकात डोकं घालून बसली, अशी खोली मी तयार केली होती. आणि मी तिला शिस्त म्हणत होते.

गुरुवारी मी वेळेवर पोचले. एकोणीस जण आले होते. काकांच्या खुर्चीची घडी कोणी घातली नव्हती, तिथे कोणी बसलंही नव्हतं. मी पुस्तक न उघडता उभी राहिले आणि सांगितलं. काकांचे कान ठीक होते, माझे गेलेत. मी त्यांचा अपमान केला. मी त्यांच्याकडे गेले होते आणि ते येणार नाहीत. का येणार नाहीत तेही त्यांच्या शब्दांत सांगितलं. बुटांचं सांगितल्यावर मागच्या रांगेत कोणीतरी तोंडाला रुमाल लावला.

"असू दे बाई, झालं ते झालं," एकजण म्हणाले.

"असू द्यायचं नाही," मी म्हणाले. आवाज चढलाच. मी थांबले, पुन्हा खालच्या आवाजात म्हणाले. मग पोस्टातल्या बाईंकडे वळून म्हणाले, "त्या उसाशासाठी मी तुम्हाला बाहेर उभं केलं होतं. माझं चुकलं." त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. मला वाटलं होतं, त्या विसरल्या असतील.

"यापुढे सूर मी देणार नाही. तुमच्यापैकी कोणीतरी द्या."

कोणी हललं नाही. सगळ्यांनी पुस्तकं उघडून माना खाली घातल्या. त्यांना वाटत असेल, ही परीक्षा आहे, जो तोंड उघडेल त्याची आज खैर नाही. त्यांचं काय चुकलं? मी वाट पाहिली. माझ्या जिभेवर आलं होतं, की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागलंय का. ते मी गिळलं. पंखा कुरकुरत होता. छत्तीस वर्षांत त्या खोलीत मी इतका वेळ गप्प उभी राहिले नसेन.

शेवटी पोस्टातल्या बाईंनी पर्समधून फोर्क काढला. बहुधा नवाच घेतला होता. खुर्चीच्या कडेवर आपटून कानाशी धरला. मग त्यांनी सूर दिला, बारीक आवाजात, माझ्या चेहऱ्यावरची नजर न काढता. बाकीचे अठराही माझ्या हाताकडे बघत नव्हते, चेहऱ्याकडेच बघत होते.

माझ्या कानाला तो सूर साफ चुकीचा लागला. अर्धा सूर वर, दातांवर खडू घासावा तसा. आयुष्यभर ज्याच्या जोरावर मी जगले ते सगळं आतून ओरडून सांगत होतं, की हे चूक आहे, थांबव.

"बरोबर आहे," मी म्हणाले, आणि हात उचलला.